मांजर गरीब आहे म्हणून विसंबू नका

निपाणीच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मला झोपच लागली नाही. घरात सात वर्षांची मांजर, दारात गावठी कुत्रा, परड्यात चार कोंबड्या, आणि लेकीच्या वाढदिवसाला पुढच्या रविवारी पिवळा कॉकटेल पक्षी येणार. "मांजर फार गरीब आहे, उंदराच्याही वाटेला जात नाही, तर दोघांची ओळख कितव्या दिवशी आणि कशी करून द्यावी?" असं तुम्ही विचारलंय. नऊ वर्षांपूर्वी मी येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत होते, अगदी 'गरीब' या शब्दासकट. म्हणून सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर मधला मांजराचा भाग तरी वाचाच.

आधीच सांगते, मी जनावरांची डॉक्टर नाही. बेळगावच्या वडगावात शिवणकाम करते. जे लिहिते ते माझ्या घरात घडलेलं आणि नंतर डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं. पिंजरा, दाणा, रोजचं पाणी हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

आमची मनी तेव्हा आठ वर्षांची होती. तांदळाच्या पोत्यावर झोपणारी, दूध दिलं तर पिणारी, नाही दिलं तर न मागणारी. चिकू म्हणजे आमचा पहिला कॉकटेल. (दुकानात सगळे कॉकटेलच म्हणतात, मूळ नाव कॉकॅटिएल, ऑस्ट्रेलियातला पक्षी.) चिकू आला तशी मी रोज संध्याकाळी पिंजरा सोप्यात ठेवून मनीला समोर बसवायला लागले. ती डोळे अर्धे मिटून बसायची. चिकू तुरा ताठ करून तिच्याकडे बघायचा. मला वाटायचं, कुतूहल आहे. तुरा असा सरळ उभा राहतो तो दचकल्यामुळे, सावध झाल्यामुळे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत मी व्हिडिओ काढून माहेरी पाठवले. सगळे म्हणाले, किती समजूतदार मांजर!

त्या दिवसांत एक गोष्ट घडत होती आणि मी तिचा अर्थच लावला नाही. रात्री दोन-अडीचला चिकू अचानक पिंजऱ्यात फडफडायचा, सळ्यांवर आपटायचा. सकाळी खाली पिसं, एकदा तर रक्ताचे दोन थेंब. मला वाटलं, स्वप्न पडत असेल. कॉकटेल रात्री असे घाबरतात हे खरं, आणि पिवळे लुटिनो जास्त घाबरतात असं पाळणारे सांगतात. पण आमच्याकडे कारण माळ्यावर बसलेलं होतं. अंधारात मांजर हललं की पक्ष्याला सावली कळते. पिंजरा बंद आहे म्हणून त्याची भीती काही कमी होत नाही. मांजराच्या नजरेसमोर दिवसचे दिवस राहिलेला पक्षी खाणं कमी करतो, पिसं उपटतो, आजारी पडतो. म्हणून 'पिंजरा मजबूत आहे, मग समोर असला तर काय बिघडलं' हे मला अजिबात मान्य नाही.

जुलै महिना होता, बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी सातला चिकू माझ्या खांद्यावर, मी भाकरी थापत होते, मनी पोत्यावर. लाईट गेली. चिकू दचकून उडाला, भिंतीला लागून खाली पडला. दुकानदाराने एका बाजूचे पंख कापून दिले होते, त्यामुळे त्याला वर उठताच आलं नाही. मी ओरडले, मोबाईलची बॅटरी लावली, तर तो मनीच्या तोंडात. माझ्या आवाजाने तिने लगेच सोडला. मोजून दोन-तीन सेकंदांचा खेळ.

मी त्याला पदरात घेऊन उजेडात एकेक पंख उलगडून बघितला. रक्ताचा थेंब नाही, मोडलेलं काही नाही. फक्त पाठीवरची पिसं ओली होऊन चिकटली होती, तिथली पिवळी पिसं जरा गडद दिसत होती. ती मी ओल्या फडक्याने पुसली. थोड्या वेळाने त्याने राळ्याचे चार दाणे खाल्ले. मी देवापुढे दिवा लावला, वाचला म्हणून.

ताई, माझी सगळ्यात मोठी चूक ती. ओळख करून दिली, खांद्यावर मोकळा ठेवला, ह्या चुका आहेतच. पण ती ओली पिसं बघूनही मी रात्र जाऊ दिली. तो ओलावा मांजराच्या लाळेचा होता. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. मांजराला त्यांचा त्रास होत नाही. पण दात सुईसारखे बारीक, पिसांखाली टोचलं तर भोक दिसतही नाही, आणि पक्ष्याच्या रक्तात ते जंतू गेले की एक-दोन दिवसांत संपतं. नखांचंही तेच, कारण मांजर पंजे चाटतं. अशा वेळी जखम शोधत बसायचं नाही. मांजराच्या तोंडात गेला, पंजा लागला, एवढं कळलं की त्याच दिवशी, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. घरातली माणसांची गोळी कुटून देऊ नका, औषध पक्ष्याच्या ग्रॅममधल्या वजनावर ठरतं.

रात्री मी एका दवाखान्यात फोन केला होता. नाव, गल्ली काही लिहिणार नाही. पलीकडून उत्तर आलं, "रक्त आलंय काय? न्हाई न्हवं? मग हळद लावा, सकाळी या वो." सकाळी आठला खोक्यात घालून गेले. म्हशी, शेळ्या, लशीचे कागद, अशी रांग. चिठ्ठीचा फॉर्म कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता काहीतरी लिहिलं आणि बाजूला बसायला सांगितलं. अडीच तास बसले. चिकू खोक्यात फुगून, डोळे मिटून, शेपटी वरखाली करत श्वास घेत होता. मी तीनदा उठून सांगितलं की मांजराने धरलं होतं. तीनदा "नंबर येऊ दे" ऐकलं.

शेजारी बसलेल्या एका अक्कांनी माझ्या हातातली चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "कोंबडी आणलीय काय?" चिठ्ठीवर 'कोळी' लिहिलं होतं. कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. त्या अक्काच उठल्या, खिडकीपाशी जाऊन कानडीत भांडल्या, तेव्हा मला आत सोडलं. आत खोकं अर्धवट उघडून बघितलं, वजन केलं नाही, मांजराचं ऐकून घेतलं नाही. "घाबरलाय, उतरेल" म्हणाले आणि कोंबड्यांना पाण्यातून देतात ते व्हिटॅमिनचे थेंब दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता चिकू माझ्या मांडीवर गेला.

कुणी इथे भाषेचा वाद काढू नये. माझ्यासाठी भांडली ती बाई कानडीच होती. माझा राग आहे तो वेगळा आहे. 'मांजराने धरलं' हे चार वेळा सांगूनही ते कुणी कागदावर लिहिलं नाही. आठ-नऊ वर्षं झाली, ती चिठ्ठी अजून माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला: पक्षी आणायच्या आधी डॉक्टर शोधा. फोन करून नुसतं "पक्षी बघता का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "कॉकटेलचं वजन ग्रॅममध्ये करता का? मांजराने धरलं तर रात्री काय करायचं?" दुसऱ्या प्रश्नाला 'सकाळी आणा' असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर बघा. निपाणीहून तुम्हाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिकडे आधी चौकशी करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. मोठा कॉकटेल साधारण 80 ते 100 ग्रॅमचा असतो. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपत नाही. मी अजूनही दर रविवारी तोलते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ओळख करून द्यायचीच नाही. कितव्याही दिवशी. मांजर पिल्लापासून पक्ष्यासोबत वाढवलं तर चालतं असं बरेच जण सांगतात. चालत असेल त्यांच्याकडे. फडफड दिसली की झेप घेणं हे त्याच्या रक्तात आहे, त्याला गरीब-श्रीमंत म्हणून उपयोग नाही. चिकूनंतर दोन वर्षांनी मी दुसरा आणला. तो आज सहा-सात वर्षांचा आहे, मनी म्हातारी होऊन मागच्या वर्षी गेली, तिची नात घरात आहे. आमच्या घरात नियम एकच: एका वेळी एकच मोकळा. माडीवरची खोली पक्ष्याची. दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग आणि वर कडी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. खिडकीला लोखंडी जाळी, प्लास्टिकची नको, ती मांजर फाडतं. पिंजरा भिंतीला टेकवून, छातीच्या उंचीवर, दाराला वेगळी क्लिप. चिकूने शिकवलेलं म्हणून सांगते, ज्या घरात मांजर आहे तिथे पंख कापू नका. उडता न येणारा पक्षी थेट जमिनीवर पडतो, आणि जमीन मांजराची असते. विकणाऱ्याला आधीच सांगा. पंख शाबूत ठेवले तर पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या हव्यात, तेवढी शिस्त लागते.

कुत्र्याचं थोडं बरं आहे, कारण तो ऐकतो. साखळी लावून, 'बस' म्हटल्यावर बसणारा असेल तर दुरून पिंजरा दाखवा, शांत राहिला की भाकरीचा तुकडा द्या. पण मोकळा पक्षी आणि मोकळा कुत्रा एका खोलीत नको. खेळताना मारलेला पंजासुद्धा शंभर ग्रॅमच्या जिवाला पुरतो. तुमचा गावठी आहे म्हणालात. इकडे बऱ्याच घरी मुधोळ, म्हणजेच कारवान, जातीचा शिकारी कुत्रा असतो, त्यांनी तर हा विचारच करू नये असं माझं मत. ती ससा बघून धावणारी जात आहे.

कोंबड्यांकडे तुमचं लक्ष नाही असं वाटलं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, कोंबड्यांकडून दुसऱ्या पक्ष्यांना जाऊ शकते. परड्यातून आलात की चप्पल बाहेर, हात साबणाने, मगच माडीवर. कोंबड्यांचं भांडं आणि दाणा वेगळा. घरात आधीचे लव्हबर्ड असतील तर नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. पाळीव पक्ष्यांकडून माणसालाही छातीचा आजार होऊ शकतो, घरात दम्याचं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कॉकटेलच्या अंगातून पांढरी भुकटी फार पडते.

राहून जाईल म्हणून लिहिते. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको. लोबान, कॉइल, रूम फ्रेशनरही दूर. दाण्यात राळं, कानडीत नवणे म्हणतात ते, आपल्याकडे चांगलं मिळतं. सूर्यफूल कमी. भडंग, कुंदा लेकीने प्रेमाने भरवला तरी नको. रात्री झिरोचा बल्ब चालू ठेवा, गणपती आणि दिवाळीत तर नक्की. आणि कुणी झाडावरच्या हिरव्या पोपटाचं पिल्लू स्वस्तात देतो म्हणाला तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे. कॉकटेलचं तसं नाही, तो परदेशी.

विकणारा 'हाताने भरवायचं पिल्लू घ्या, माणसाळतं' म्हणेल. पहिल्याच वेळी ते अंगावर घेऊ नका. भरवणी जरा गरम झाली तर पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते. स्वतः दाणा फोडून खाणारं पिल्लू मागा. डोळ्यांसमोर खाताना बघा.

शनिवारपर्यंत दाराची स्प्रिंग आणि खिडकीची जाळी बसली नाही तर विकणाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगा. वाढदिवसाला लेकीला रिकामा पिंजरा दिला तरी चालेल. तिला त्यात दांडी बसवू दे, वाट्या लावू दे. पिल्लू आठवडाभर तिकडे राहिलं तर तेवढं खायला पक्कं होईल. डॉक्टर मिळाला की मला कळवा. कोल्हापूरच्या बाजूचा चांगला असेल तर मलाही हवाच आहे.