मॅस्कॉट लोगो: आधी आकृती, मग डोळे

तुझं पहिलंच काम म्हणजे मॅस्कॉट लोगो, म्हणजे ओळख म्हणून निवडलेल्या प्राण्याचं चिन्ह, आणि तेही अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (अमेरिकेत एका भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचं), म्हणून दडपून जाऊ नकोस. आधी एवढंच विचारून घे: तिथल्या शाळांचे आपापले प्राणी ठरलेले आहेत का? असतील तर नवा प्राणी रुसवेफुगवे घेऊनच येतो.

सॉफ्टवेअर आत्ता उघडूच नकोस. वाघ असो वा गरुड, नुसती काळी आकृती कागदावर काढ. ती लांबून ओळखू येत नसेल, तर आतले डोळे-दात कितीही रेखीव असोत, उपयोग नाही. माझा पहिला लांडगा असाच फसला. मानेवरचा केस न् केस काढला होता. टोपीवर भरतकाम झालं आणि भिजलेला बोका दिसायला लागला! भरतकामाच्या सुईला साधारण एक मिलिमीटरहून बारीक रेघ नीट झेपत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- ग्रेडियंटचा, म्हणजे एकातून दुसऱ्यात विरत जाणाऱ्या रंगछटांचा, मारा. दोन-तीन सपाट रंग पुरेत, आणि एका रंगातही लोगो चालला पाहिजे.
- व्हेक्टरऐवजी (कितीही मोठं केलं तरी रेघा स्वच्छ राहणारं चित्र) पिक्सेलमध्ये, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, काढणं. बसवर मोठा केला की कडा फाटतात.
- एखाद्या विद्यापीठाचा लोगो ‘थोडासा बदलून’ घेणं. ते ट्रेडमार्क, म्हणजे कायद्याने राखीव चिन्हं, असतात; अमेरिकेत यावरून शाळांना वकिलांची पत्रं गेली आहेत.

अक्षरांची जुळणी नंतर बघू. आधी वीस कच्च्या आकृत्या काढून दाखव.