आधी फरशीवर काढ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वागळे इस्टेटमधल्या माझ्या शेडमध्ये तू परवा आलीस, तेव्हा वहीत तीन सायकली होत्या आणि प्रश्न एकच होता: वेल्डिंगचे मशीन आधी घ्यावे की संगणकावरचे ड्रॉइंग आधी शिकावे. दोन्ही थांबू देत. पुढे सामानाची पेटी असलेली ती लांब सायकल आधी फरशीवर, खडूने, खऱ्या मापात काढ.

पुढचे चाक २६ऐवजी २० इंची घेतले की पेटी खाली बसते, हे तू बरोबर हेरलेस. पण पुढचे गणित वहीत दिसत नाही. गुण्या आणि लांब पट्टी घे. पुढच्या चाकाचा चिमटा ज्या नळीत फिरतो तिच्या मधोमध जाणारी रेषा जमिनीच्या रेषेपर्यंत वाढव आणि चाकाच्या आसापासून सरळ खाली दुसरी रेषा सोड. जमिनीवर या दोन बिंदूंत जे अंतर पडते त्याला ट्रेल म्हणतात, आणि हँडल हातात कसे वागेल हे बरेचसे त्यावर ठरते. नळीचा कोन ७२ अंश आणि चिमट्याचा पुढचा बाक ४५ मिलिमीटर धरला, तर २६ इंची चाकाला ट्रेल साधारण ६० मिलिमीटर मिळतो. चाक २० इंची केले की तो ३५च्या आसपास उतरतो आणि हँडल चंचल होते. तसे हँडल तुला हवे असेलही, पण ते तू ठरवून घे, नकळत पदरात पडू देऊ नकोस. मग वरून दिसणारे चित्र काढ: चाक पूर्ण वळल्यावर पेटीला घासते का, स्टिअरिंगचा दांडा कुठे अडतो का? हे सगळे फरशीवरच कळते. नळी कापल्यावर कळून काय उपयोग?

मला लोक संथ म्हणतात. ‘रेघोट्या किती दिवस मारणार?’ असे विचारून एक गिऱ्हाईक काम काढून घेऊन गेले, तरी मी पद्धत बदलली नाही आणि आता साठी उलटल्यावर तर मुळीच बदलणार नाही. माझी उमेदीची वर्षे लोकांची गेटे आणि ग्रिले जोडण्यात गेली, सायकलींच्या वाट्याला उरलेल्या रात्री आल्या. तुझ्यापाशी अख्खे दिवस आहेत, म्हणून तुझी घाई पाहून जीव तुटतो.

‘ही कसली सायकल!’ असे म्हणणाऱ्यांचे मनावर घेऊ नकोस. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या, रेलून चालवायच्या आडव्या सायकलवर तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम मोडला आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ती रचनाच शर्यतींतून बाद केली. रेललेल्या बैठकीची तुझी दुसरी सायकलही त्याच जातीची आहे. तीही कर, पण फरशीवर काढून.

पाइप आणशील तेव्हा जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप आणू नकोस. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. साधा काळा पाइप घे, तोही चित्र पुरे झाल्यावर. चित्राशेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढ आणि मला पाठव. कोन मी तपासून देईन.