अक्कलदाढ काढायची आहे, बांबोळीच्या डेंटल कॉलेजात तारीख मिळालीय. खूप दुखतं का?

काढताना दुखत नाही. इंजेक्शनने हिरडी बधिर करतात, फक्त दाब आणि ओढ जाणवते. दाढ आडवी असेल तर हिरडी कापून, तुकडे करून काढतात आणि टाके घालतात.

खरी काळजी नंतरची. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. २४ तास थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने शहाळं तर अजिबात नको. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. सिगरेटनेही तेच होतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, घाबरू नका. कोमट पेज प्या, हुमण (माशांची आमटी) थोडे दिवस राहू द्या. ताप आला किंवा रक्त थांबेना तर लगेच डॉक्टरांना दाखवा.