वाचकांचे प्रश्न : शिबिरातले घड्याळ नेमके काय मोजते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे अमेरिकन फुटबॉलविषयी आहेत आणि तिन्हींचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : उन्हाळ्यातील निवड शिबिरांत शाळकरी खेळाडूंची पारख कशी होते आणि तिला किती महत्त्व द्यावे. मी स्वतः शाळेच्या एका संघाला सहायक म्हणून मदत करतो आणि अशा शिबिरांत वही घेऊन बाजूला उभा राहतो. उत्तरे त्या अनुभवाच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात शिकतो. तो आता अकरावीत जाईल. शाळेच्या संघात तो लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहणारा बचावपटू, आहे. एका विद्यापीठाकडून प्रादेशिक निवड शिबिराचे निमंत्रण ई-मेलने आले, म्हणून जूनमध्ये फी भरून आम्ही त्याला घेऊन गेलो. शाळेच्या माहितीपत्रकात त्याची उंची ६ फूट १ इंच छापली आहे. तेथे ती ५ फूट साडेअकरा इंच भरली. शाळेत ४० यार्ड ४.८ सेकंदांत धावणारा मुलगा तेथे ५.०३ सेकंदांत धावला. परतीच्या वाटेवर तो गाडीत एक शब्दही बोलला नाही. त्यानंतर कोणाचा फोन नाही. त्याच्यासाठी विषय संपला असे समजावे का? आणखी दोन शिबिरांची निमंत्रणे आली आहेत, त्यांवर खर्च करावा का?

उत्तर : आधी निमंत्रणाविषयी बोलतो, कारण बहुतेक पालकांची पहिली गल्लत तेथेच होते. एनसीएए या विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार विद्यापीठाने भरवलेले शिबिर सर्वांना खुले ठेवावे लागते; संख्या, वय, इयत्ता आणि लिंग एवढ्याच बाबतींत मर्यादा घालता येते. म्हणजे आपल्याला आलेला ई-मेल हजारो घरी गेलेला असू शकतो, आणि त्यात मुलाचे नाव छापलेले असले तरी ते संगणकाने घातलेले असते. खऱ्या आवडीची खूण वेगळी असते. लाइनबॅकरांचा प्रशिक्षक स्वतः लिहितो, मुलाच्या फिल्ममधील, म्हणजे सामन्यांच्या चित्रणातील, एखाद्या विशिष्ट खेळीचा उल्लेख करतो, शाळेच्या प्रशिक्षकांना फोन करून मुलाच्या गुणपत्रिकेची चौकशी करतो. आपल्या पत्रात यांपैकी काहीच नाही. त्यामुळे त्या दिवशी आपला मुलगा त्यांच्या यादीवरून खाली घसरला असे म्हणता येत नाही. तो बहुधा त्या यादीवर नव्हताच.

आता आकडे पाहू. शाळेत ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, हातातल्या घड्याळाने मोजले जातात. धावपटू हललेला डोळ्यांनी पाहिल्यावर अंगठा दाबला जातो, म्हणून घड्याळ उशिरा सुरू होते; शेवटची रेषा मात्र समोर दिसत असल्याने तेथे अंगठा वेळेवर, किंबहुना किंचित आधीच पडतो. इलेक्ट्रॉनिक यंत्राला ही सवलत माहीत नसते. दोन्हींतला फरक साधारण दोन दशांश सेकंदांचा असतो आणि आपल्या मुलाच्या दोन वेळांतला फरकही जवळजवळ तेवढाच आहे. मुलगा मंदावला नाही, मोजण्याची रीत बदलली. उंचीचेही तसेच. माहितीपत्रकातली उंची बुटांसह, कधी आशेसह मोजलेली असते, आणि विद्यापीठाचे प्रशिक्षक छापील आकड्यातून इंच-दीड इंच मनातल्या मनात वजा करूनच वाचतात. मात्र आता खरा आकडा नोंदला गेला आहे, तेव्हा यापुढे मुलाने प्रशिक्षकांना पाठवलेल्या प्रत्येक पत्रात तोच लिहावा. शिबिरात उघडी पडलेली दीड इंचाची थाप कमी उंचीपेक्षा जास्त नुकसान करते.

तरीही ५.०३ हा आकडा लाइनबॅकरसाठी चांगला नाही, हे मी लपवत नाही. पण लाइनबॅकर सामन्यात सरळ रेषेत ४० यार्ड क्वचितच धावतो. त्याचे काम पहिल्या पाच-दहा यार्डांत होते : डावीकडे दोन पावले, थांबणे, चूक ओळखणे आणि उजवीकडे झेपावणे. म्हणून जाणता प्रशिक्षक ४० यार्डांतल्या पहिल्या १० यार्डांची वेळ वेगळी विचारतो आणि ५-१०-५ ची धाव, म्हणजे एका बाजूला ५ यार्ड, मग वळून उलट दिशेला १०, पुन्हा वळून ५, अधिक लक्ष देऊन पाहतो. या धावेत त्याची नजर घड्याळापेक्षा मुलाच्या कमरेवर असते. वळताना कंबर खाली राहते की मुलगा आधी ताठ उभा राहतो आणि मग वळतो? ताठ उभा राहणाऱ्याचा प्रत्येक वळणावर अर्धा क्षण जातो, आणि सामन्यात तेवढ्यात चेंडू घेतलेला खेळाडू निसटतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जिच्यात त्याचा काही दोष नाही. शिबिरे बहुधा चड्डी आणि टी-शर्टवर होतात. अंगावर पॅड नसतात आणि कोणाला खाली पाडायचे नसते. लाइनबॅकरची निम्मी किंमत मात्र गर्दीतून वाट काढून समोरच्याला पाडण्यात असते. शिबिरात सर्वांत कमी कळतात ते लाइनबॅकर आणि चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक. सर्वांत जास्त उठून दिसतात ते फेकलेला चेंडू झेलणारे रिसिव्हर, कारण एकास एक लढतीत त्यांना अडवणाऱ्या कॉर्नरबॅकच्या मदतीला मागे कोणी नसते, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कोणी धावून येत नाही आणि अख्खे मैदान रिसिव्हरला मोकळे असते. त्या लढतीत कॉर्नरबॅकसमोर रिसिव्हरने चार झेल घेतले म्हणून कॉर्नरबॅकला बाद करणारा पारखी कच्चा समजावा. चेंडू हवेत असताना तो रिसिव्हरच्या किती जवळ होता आणि मान वळवून त्याला चेंडू शोधता आला का, हे पाहायचे असते. क्वार्टरबॅकचेही तसेच आहे. समोर बचाव नसताना मोकळ्या रिसिव्हरकडे फेकलेल्या चेंडूंवरून त्याचे पाय, हाताचा झटका आणि चेंडू पोहोचण्याचा वेग कळतो, पण बचाव वाचण्याची त्याची बुद्धी मुळीच कळत नाही.

मग शिबिर कशासाठी? फिल्ममध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत, त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट शरीराची. प्रशिक्षक मुलाच्या शेजारी उभा राहून खांद्यांची रुंदी, हातांची लांबी, मनगट आणि घोटा पाहतो आणि या सांगाड्यावर आणखी १५-२० किलो वजन बसेल का याचा अंदाज बांधतो. मुलगा अजून किती वाढेल हे ताडण्यासाठी तो कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आईवडिलांकडेही हळूच पाहून घेतो. (आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या वेळी गाडीत बसून राहावे, असे मी एकदा गमतीने म्हणालो होतो, ते काहींना लागले.) दुसरी गोष्ट शिकण्याची, आणि माझ्या वहीत सर्वांत जास्त शाई तिच्यावरच खर्च होते. चूक झाल्यावर प्रशिक्षक दहा सेकंदांत एक सूचना देतात : डावा पाय आधी टाक, हात छातीच्या आत ठेव. पुढच्या पाळीला मुलगा ते करतो का? पुन्हा हरला तरी चालते, सूचना अंगात उतरलेली दिसली पाहिजे. हरल्यावर तो रांगेच्या शेवटी जाऊन तोंड लपवतो, की पुन्हा त्याच तगड्या मुलासमोर उभा राहायला पुढे येतो? मुलाला घरी हेच विचारा, आणि वेळ किती आली हे विचारू नका.

फोन न येण्याची कारणेही बहुतांशी त्याच्या बाहेरची आहेत. सर्वोच्च गटातील विद्यापीठांना पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, तीत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ती मर्यादा गेली आणि संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. जागा वाढल्या असे वाटेल, पण २०१८मध्ये सुरू झालेले ट्रान्स्फर पोर्टल (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) आणि २०२१पासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा यांमुळे प्रशिक्षक १७ वर्षांच्या मुलावर तीन वर्षे मेहनत घेण्यापेक्षा २१ वर्षांचा तयार खेळाडू आणणे पसंत करतात. शाळेतून थेट जाणाऱ्यांची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. एफसीएस (डिव्हिजन एकमधला दुसरा गट), डिव्हिजन दोन आणि तीन हे स्तर म्हणून आजच नजरेत ठेवावेत. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण एमआयटी, शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स आणि कार्नेगी मेलन यांचे फुटबॉल संघ त्याच स्तरावर खेळतात, हे ऐकल्यावर मराठी घरांतला सूर एकदम बदलतो असा माझा अनुभव आहे.

राहता राहिला खर्च. दोन निमंत्रणांपैकी जेथील प्रशिक्षकाने फिल्म पाहून नावानिशी लिहिले असेल तेथे जावे. तसे कोणीच लिहिले नसेल, तर ज्या शिबिरात लहान महाविद्यालयांचे प्रशिक्षकही शिकवायला येतात असे एखादे निवडावे. एका फीत दहा जणांची नजर पडते. त्याआधी मुलाच्या मागच्या हंगामातील १५-२० खेळींची फिल्म तयार करून त्यांना पाठवावी आणि सर्वांत चांगली खेळी अगदी सुरुवातीला ठेवावी. शिवाय एनसीएएच्या डिव्हिजन एकसाठी लागणाऱ्या १६ मूलभूत विषयांपैकी १० विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे लागतात आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. हे शाळेच्या समुपदेशकांकडून याच महिन्यात तपासून घ्या.

प्रश्न : माझा नातू ओहायोमध्ये असतो आणि क्वार्टरबॅकला संरक्षण देणाऱ्या पाच जणांत खेळतो. शिबिरानंतर त्याला ‘दोन तारे’ मिळाले असे मुलगा सांगतो. मी कोल्हापूरचा, तालमीत वाढलेला. आमच्याकडे पैलवान मातीत उतरल्यावरच कळतो आणि तालमींचे फुटबॉल संघही शाहू स्टेडियमवर उतरल्यावरच कळतात. मैदानात न उतरवता तारे कोण देतो आणि त्यांना काय अर्थ?

उत्तर : आजोबा, तारे विद्यापीठे देत नाहीत. ते खेळाडूंची क्रमवारी लावणाऱ्या खासगी माध्यमसंस्था देतात. त्यांपैकी एका मोठ्या संस्थेत देशभरातील साधारण ३२ मुलांनाच पाच तारे मिळतात, कारण व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत पहिल्या फेरीत तेवढेच खेळाडू घेतले जातात. ताऱ्यांना अर्थ नाही असे मात्र म्हणता येणार नाही. पाच तारेवाल्यांपैकी व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दोन-तीन तारेवाल्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. पण तारे मुलाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी मिळतात आणि शरीर त्यानंतरही घडत राहते. जे. जे. वॉट हा दोन ताऱ्यांचाच होता. तो सेंट्रल मिशिगनमध्ये वेगळ्याच जागी खेळला, मग शिष्यवृत्तीविना विस्कॉन्सिनला गेला, २०११मध्ये अकराव्या क्रमांकाने निवडला गेला आणि लीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून तीनदा गौरवला गेला. जॉश ॲलनला तर कॅलिफोर्नियातील फायरबॉमधून बाहेर पडताना डिव्हिजन एकच्या एकाही विद्यापीठाने बोलावले नव्हते. तो रीडलीच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला, तेथून वायोमिंगला, आणि २०१८मध्ये सातव्या क्रमांकाने बफेलोच्या संघात.

आपल्या तालमीच्या मातीच्या सर्वांत जवळ येते ती शिबिरातली लाइनमनची, म्हणजे नातवासारख्या आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंची, एकास एक लढत. दोघे समोरासमोर वाकतात, इशारा होतो आणि दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो. या लढतीत आपल्या नातवाची बाजू जात्याच पडती असते, कारण सामन्यात त्याच्या दोन्ही बाजूंना साथीदार असतात आणि येथे चारी दिशा मोकळ्या असतात. म्हणून जाणकार हार-जीत मोजत नाहीत. नितंब खाली आहेत का, पाय चालत राहतात का, पहिला धक्का बसल्यावर पाठ वाकते की गुडघे, हे ते पाहतात. आपण हे डाव त्यांच्यापेक्षा आधीपासून ओळखता. कितीतरी प्रशिक्षक लाइनमनला मुद्दाम विचारतात की तू शाळेत कुस्ती करतोस का, आणि उत्तर हो आले की वहीत खूण करतात. नातू करत नसेल, तर हिवाळ्यात त्याला शाळेच्या कुस्ती संघात घालायला मुलाला सांगा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा आठवीपर्यंत सॉकर खेळला, आता शाळेच्या फुटबॉल संघाचा किकर आहे. सामन्यांत त्याने ४२ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारणे) केले, पण किकिंग शिबिरात तेवढ्याच अंतरावरून त्याचे निम्मे चेंडू चुकले. सराव कमी पडतो का?

उत्तर : सराव कमी पडत असेल-नसेल, पण त्याआधी खांब मोजा. शाळेच्या मैदानावर दोन खांबांत २३ फूट ४ इंच अंतर असते आणि महाविद्यालयात १८ फूट ६ इंच. जवळजवळ पाच फूट कमी. शिवाय शाळेत चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो, महाविद्यालयीन फील्ड गोलसाठी तो १९८९पासून बंद आहे. शिबिरात जमिनीवरून, अरुंद खांबांत मारायला लावले असेल तर निम्मे चुकणे अपेक्षितच आहे. मुलाने आजपासूनच ठोकळा सोडावा. शाळेच्या सामन्यात सुरुवातीला दोन-चार गुण गेले तरी प्रशिक्षकांची समजूत काढता येते.

शिबिरात चेंडू स्थिर स्टँडवर ठेवलेला असतो आणि समोरून कोणी उडी मारत नाही. सामन्यात चेंडू मागे येणे, ठेवणे आणि लाथ बसणे हे सर्व १.३ सेकंदांच्या आसपास उरकावे लागते. म्हणून पारख करणारे लांबीपेक्षा चेंडू किती लवकर उंच चढतो आणि दहा लाथांपैकी किती सारख्या बसतात, हे पाहतात. किकऑफमध्ये, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या लाथेत, चेंडू हवेत किती वेळ राहिला हे घड्याळाने मोजतात. चार सेकंदांच्या आसपास वेळ आणि चेंडू गोलरेषेपर्यंत, हे जमले की माना वळतात.

एका संघात दोन-तीनच किकर असतात, त्यामुळे ही जागा दरवर्षी निघत नाही, विचारणा उशिरा होते आणि पुष्कळ जण सुरुवातीला शिष्यवृत्तीविना रुजू होतात. मुलाला आवडणाऱ्या विद्यापीठांची संघयादी उघडा आणि सध्याचा किकर कोणत्या वर्षात शिकतो ते पाहा. तो पहिल्या वर्षाचा असेल तर तेथील शिबिराची फी वाचवा. शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर असेल तर तेथे या उन्हाळ्यातच जाऊन या.