शेअर्ड होस्टिंगचा डेटाबेस बंद पडलाय, वर्डप्रेस नव्याने टाकू का?

नका टाकू. निदान डेटाबेस परत येईपर्यंत तरी हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार असा दिसतो: गोव्यात पेडण्याला पाच खोल्यांचा होमस्टे, वर्डप्रेसवरची साइट, वर्षाचे पैसे एकदम भरून घेतलेलं स्वस्तातलं होस्टिंग. काल संध्याकाळपासून पांढऱ्या पानावर डेटाबेसशी जोडणी होत नसल्याची एकच ओळ. होस्टिंगवाले 'काम चालू आहे' याच्यापुढे जात नाहीत, साइट बनवून दिलेला मुलगा म्हणतो सगळं पुसून परत बसवतो, आणि डिसेंबरच्या चौकशा सुरू झाल्यात.

मी फोंड्यात बसून अशाच छोट्या साइट सांभाळतो, तेव्हा ही ओळ चांगली ओळखीची आहे. तुम्ही विचारलंय की आपल्याकडच्या पावसाचा, लाइट जाण्याचा याच्याशी संबंध असेल का. नाही. तुमची साइट पेडण्यात नाहीच. ती मुंबईत, सिंगापुरात नाहीतर अमेरिकेत कुठल्यातरी सर्व्हरवर आहे.

साइटचे दोन भाग असतात. फोटो, थीम, प्लगिन या फाइली एकीकडे. मजकूर, खोल्यांचे दर, बुकिंग, लॉगिन हे सगळं डेटाबेसात. शेअर्ड होस्टिंगवर शेकडो गिऱ्हाइकांचे डेटाबेस मायएसक्यूएल नावाचं एकच सॉफ्टवेअर चालवतं. ते कोसळलं की सगळ्यांच्या साइट एकदम झोपतात, फाइली मात्र जागच्या जागी शाबूत. आता वर्डप्रेस नव्याने टाकणं म्हणजे जो भाग धडधाकट आहे त्याच्यावरच शस्त्रक्रिया. शिवाय होस्टिंगच्या बऱ्याच कंट्रोल पॅनेलांत जुनं इन्स्टॉलेशन काढायला गेलात की फाइलींबरोबर डेटाबेसही पुसण्याची खूण आधीच केलेली असते. घाईत ती कोणी वाचत नाही. डेटाबेसचा सर्व्हर परत उभा राहताच ते बटण दाबलं गेलं, तर तुमची बुकिंगं आपल्याच माणसाने पुसलेली असतात.

बिघाड त्यांच्याकडे की तुमच्याकडे, हे तुम्हाला स्वतःला बघता येतं. कंट्रोल पॅनेलमधून पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेस ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) उघडा. ते उघडलंच नाही, किंवा २००२ क्रमांकाची चूक दाखवत असेल, तर मायएसक्यूएल बंद आहे किंवा त्याच्यापर्यंत पोचता येत नाहीये. ते काम त्यांचं. पण ते नीट उघडलं आणि तुमची टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, दिसली, तर डेटाबेस जिवंत आहे आणि वर्डप्रेसलाच आत शिरता येत नाहीये. मग डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमधल्या डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि होस्ट (डेटाबेस ज्या मशीनवर आहे त्याचं नाव) अशा चार नोंदी तपासा. होस्टच्या जागी बहुतेक वेळा 'लोकलहोस्ट' असतं. त्यांनी गुपचूप डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवला असेल तर तिथे नवं नाव लागेल.

याच फाइलमध्ये डीबग (चुका पानावर दाखवायची सोय) थोडा वेळ चालू केलं की मायएसक्यूएलचा मूळ आकडा दिसतो. १०४५ म्हणजे युजर किंवा पासवर्ड जुळत नाही. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस तिथे नाहीच. १०४० म्हणजे अख्ख्या सर्व्हरच्या जोडण्या भरल्या, म्हणजे बहुधा कुठल्यातरी शेजाऱ्याचा प्रताप. १२०३ किंवा १२२६ आला तर तुमच्याच युजरच्या वाट्याची मर्यादा संपली. एवढ्याशा साइटवर ती पाहुण्यांमुळे संपत नाही, लॉगिनच्या पानावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, धडका देत असतात त्यांच्यामुळे संपते. आकडा टिपून घ्या आणि डीबग लगेच बंद करा, कारण त्या ओळीत तुमच्या डेटाबेसच्या युजरचं नावही जगाला दिसतं.

डेटाबेस दुरुस्त करण्याची वर्डप्रेसची सोय कोणी सुचवली तर तीही आत्ता उपयोगाची नाही. डेटाबेसचा सर्व्हर बंद असताना ती चालत नाही. आणि आजकाल टेबलं साठवण्याची पद्धत इनोडीबी नावाची असते, मायआयसॅम या जुन्या पद्धतीसाठीचा दुरुस्तीचा हुकूम तिला लागूच पडत नाही.

एवढा वेळ का लागतो? मायएसक्यूएल अचानक मेलं की पुन्हा सुरू होताना इनोडीबी आपले लॉग (बदलांच्या नोंदी) वाचून अर्धवट व्यवहार निस्तरतं. हे आपोआप होतं आणि साधारणपणे निभावतं. पण डिस्क भरली असेल किंवा खराब झाली असेल तर सर्व्हर उठायलाच नकार देतो. एका गिऱ्हाइकाचा बिघाड सगळ्यांना अडवून ठेवू शकतो, कारण लॉग सामाईक असतात. मग जबरदस्तीने सुरू करायची सोय वापरावी लागते. तिच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडायचा धोका असतो. त्यामुळे शहाणा माणूस जेवढ्या खालच्या पायरीवर सर्व्हर उठेल तेवढ्यावर उठवतो, एकेक डेटाबेस बाहेर काढतो आणि नव्या सर्व्हरवर भरतो. शेकडो डेटाबेस म्हणजे रात्र जाते. त्यांची बाजू घेत नाहीये. एवढं दोन ओळींत गिऱ्हाइकाला कळवायला काय हरकत असते, हे मलाही कळलेलं नाही.

होस्टिंगवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट एकच ठेवा. काही ठिकाणी त्याच तिकिटावर पुन्हा पुन्हा लिहिलं की ते रांगेत मागे जातं. 'कधी होणार' याऐवजी विचारा: बॅकअप कधीचा आहे, आणि त्याच्यानंतरचे बदल बायनरी लॉगमधून (मायएसक्यूएल ठेवतं त्या बदलांच्या यादीतून) भरणार आहात का? पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

तोवर पाहुण्यांना कोरं पान दिसू देऊ नका. वेब सर्व्हर चालू आहे, म्हणून तर ती ओळ तरी दिसतेय. साध्या एचटीएमएलचं एक पान करा: होमस्टेचं नाव, दोन फोटो, दर, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, गुगल मॅपचा दुवा. ते इंडेक्स.एचटीएमएल नावाने मूळ फोल्डरमध्ये टाका आणि एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (वेब सर्व्हरला सूचना देणारी फाइल) डिरेक्टरीइंडेक्सच्या, म्हणजे कुठलं पान आधी दाखवायचं त्याच्या, ओळीत इंडेक्स.एचटीएमएल आधी, इंडेक्स.पीएचपी नंतर असं लिहा. याने फक्त मुखपृष्ठ सावरतं. आतल्या पानांसाठी डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये डीबी-एरर.पीएचपी नावाची फाइल ठेवली की वर्डप्रेस त्या रुक्ष ओळीऐवजी ती दाखवतं. त्यात पहिल्याच ओळीत ५०३ हा 'तात्पुरतं बंद' असा स्टेटस पाठवा, म्हणजे गुगलला कळतं की दुकान कायमचं बंद झालेलं नाही. नेमसर्व्हर (तुमचं डोमेन कुठल्या होस्टिंगकडे जातं ते ठरवणारी नोंद) मात्र बदलू नका. ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर तीही बंद पडेल, आणि डेटाबेस हातात नसताना नव्या जागी नेणार तरी काय?

खरी काळजी साइट परत आल्यानंतरची आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंड्याकडच्या, एका देवस्थानाची साइट जत्रेच्या आधी अशीच गेली. तेव्हा ती दुसऱ्या कोणाकडे होती, मला नंतर निस्तरायला बोलावलं. होस्टिंगवाल्यांनी आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि साइट चकाचक चालू झाली. पण सकाळपासून बंद पडेपर्यंत ऑनलाइन नोंदलेल्या सेवा त्या बॅकअपमध्ये नव्हत्या. पैसे बँकेत जमा, पावत्या लोकांच्या ईमेलवर, आणि डेटाबेसात काहीच नाही. त्याहून वाईट पुढेच होतं. पावतीचा क्रमांक डेटाबेस स्वतः मोजून देतो. तो आदल्या रात्रीच्या आकड्यावर मागे गेला होता, त्यामुळे जे क्रमांक वाटून झाले होते तेच पुन्हा नव्या लोकांना मिळायला लागले. जत्रेच्या सकाळी काउंटरवर मुंबईचं एक कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारं) कुटुंब आणि कारवारचं एक, दोघांच्या हातात एकाच क्रमांकाची अभिषेकाची पावती, दोन्ही खरी. पुजाऱ्यांनी दोन्ही अभिषेक केले आणि विषय मिटवला. तुमच्या खोलीत दोन कुटुंबं मावणार नाहीत.

म्हणून डेटाबेस परत आला की लगेच बुकिंगचा फॉर्म उघडू नका. आधी शेवटची नोंद कुठल्या तारखेची, किती वाजताची आहे ते पाहा. तिथपासून साइट बंद पडेपर्यंतच्या मधल्या काळातली प्रत्येक बुकिंग शोधा. तुमच्या इनबॉक्समध्ये साइटने पाठवलेली सूचना असेल, पेमेंट गेटवेच्या यादीत रक्कम असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल. त्या हाताने भरा. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये ज्या टेबलात बुकिंग बसतात त्याच्या ऑपरेशन्स पानावर ऑटो इन्क्रिमेंटचा आकडा (पुढच्या नोंदीला मिळणारा क्रमांक) हरवलेल्या क्रमांकांच्या बराच पुढे न्या. त्यानंतर फॉर्म उघडा.

तुमचं कॅलेंडर बाहेरच्या बुकिंग साइटशी जोडलेलं असेल तर हे सगळं त्याच दिवशी उरका. त्या साइट ठरावीक वेळाने तुमचं कॅलेंडर वाचतात. जुन्या बॅकअपमुळे ख्रिसमसचा आठवडा मोकळा दिसला, तर त्या तो तिकडे विकायला मोकळ्या.

नुकसानभरपाईचं विचारलंत. ९९.९ टक्के अपटाइमच्या (साइट चालू राहण्याच्या) हमीचा अर्थ महिन्याला साधारण ४३ मिनिटं बंद चालेल असा होतो, आणि ती मोडली तरी बहुतेक ठिकाणी त्या दिवसांचं होस्टिंगचं भाडं खात्यात जमा होतं, बुडालेल्या खोलीचं नाही. मागा जरूर, पण त्या पैशांत मडगावला जाऊन यायचं पेट्रोलही निघायचं नाही.

बॅकअपचं सांगायचं तर आठवड्यातून एकदा, आणि डिसेंबरात रोज, डेटाबेस एक्सपोर्ट करून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा. पाच खोल्यांच्या साइटची ती फाइल फार मोठी नसते. त्याच होस्टिंगवर बॅकअप ठेवणारी प्लगिनं असतात, त्यांचा अशा वेळी भरवसा नाही. डोमेन होस्टिंगवाल्यांकडेच घेतलं असेल तर सीझन संपल्यावर वेगळ्या ठिकाणी हलवा, म्हणजे उद्या होस्टिंग बदलायचं झालं तर कोणाच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

माझं मत विचाराल तर तुम्हाला डेटाबेसच नको. दर वर्षातून दोनदा बदलतात, फोटो त्याहून कमी, आणि तुम्हीच लिहिलंय तसे निम्मे पाहुणे शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच ठरवतात. साधी एचटीएमएल पानं आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण यावर पाच खोल्या आरामात चालतात. साइट बनवून दिलेल्या मुलाला हे पटणार नाही, कारण त्याची दरवर्षीची देखभालीची फी वर्डप्रेसवर आहे.

बुकिंगचं प्लगिन कुठलं वापरता ते खाली लिहा. बुकिंग कुठल्या टेबलात बसते, ते त्याच्यावरून सांगता येईल.