गाइडकडे रिव्ह्यूला आलेला पेपर त्यांनी मला तपासायला दिलाय. हे नियमात बसतं का?

बसतं, पण गाइडनी जर्नलच्या संपादकाला आधी विचारलं असेल तरच; परस्पर तुमच्या इनबॉक्समध्ये पीडीएफ ढकलणं हा गोपनीयतेचा भंग आहे. प्रकाशन-नीतीवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेची समीक्षकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात: हाताखालच्या विद्यार्थ्यालाही सामील करायचं तर आधी परवानगी, आणि मदत केलेल्याचं नाव जर्नलच्या नोंदीत. म्हणजे रिपोर्ट तुम्ही लिहायचा आणि खाली सही फक्त सरांची, हे बसत नाही. (आपल्याकडे सर्रास चालतं, ते वेगळं.) गाइडना एवढंच म्हणा, "सर, एडिटरना माझं नाव कळवू या का?" दोन ओळींची ईमेल पुरते.

परवानगी मिळाली की समीक्षकाची बंधनं तुम्हालाही लागू:

- लेखकांपैकी कोणी ओळखीचं, किंवा तुमचा विषय तोच असेल, तर आधीच सांगा.
- त्यातली कल्पना, डेटा पेपर छापून येईपर्यंत वापरायचा नाही.
- मजकूर चॅटजीपीटीत टाकायचा नाही. एल्सेव्हियर या मोठ्या जर्नल-प्रकाशकाने तर स्पष्ट मनाई केली आहे.

मात्र काही जर्नल्स सह-समीक्षक नेमायला मुळातच मुभा देतात, तिथे फॉर्ममध्ये नाव भरलं की झालं. त्या जर्नलचं रिव्ह्यूअर पान एकदा बघा.