आत्याचा आजार आणि धाकटीचे लग्न

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील ३८ वर्षांची शिक्षिका आहे. मला ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (हार्मोनवरील नेहमीची औषधे ज्यावर चालत नाहीत असा) स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान नुकतेच झाले. केमो सुरू झाली आहे, त्यानंतर शस्त्रक्रिया होईल. डॉक्टरांनी ‘ब्राका’ ही जनुकीय चाचणी करायला सांगितली आहे. माहेरी २६ वर्षांच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले आहे. रिपोर्टची कुणकुण लागली तर स्थळ मोडेल, म्हणून लग्न होईपर्यंत थांब, असे वडील आणि दादा म्हणतात. आईकडे हा आजार कोणालाच नाही. आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, पण ती ‘दुसऱ्या घरची’ म्हणून तिचा विषय कोणी काढत नाही. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रात बहिणीच्या स्थळाची काळजी आहे, वडिलांच्या शब्दाचा मान आहे, मुलीची चिंता आहे, ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्या तुम्ही मात्र पत्रात जवळजवळ नाहीत. म्हणून आधी तुमच्याविषयी बोलू. ‘ब्राका १’ आणि ‘ब्राका २’ या दोन जनुकांत जन्मजात दोष आहे का, हे पाहणारी ही चाचणी सर्वप्रथम तुमच्या उपचारांसाठी आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमध्येच आजाराचे मूळ आनुवंशिक दोषात असते. पण कमी वयात झालेला ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग आणि घरात अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की चाचणी सुचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच ठरते. दोष सापडला, तर केवळ गाठ काढायची की दोन्ही स्तनांचा विचार करायचा, हा निर्णय तुम्ही पूर्ण माहितीनिशी घेऊ शकाल. केमोनंतरही शस्त्रक्रियेत आजार शिल्लक आढळला, तर दोष असलेल्या अशा रुग्णांना ओलापॅरिब नावाच्या गोळ्यांचा उपयोग होतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसले आहे. अंडाशयांचे काय करायचे, हा प्रश्नही त्याच अहवालावर अवलंबून असतो. रक्ताचा नमुना दिल्यापासून अहवाल हाती यायला सहसा काही आठवडे लागतात आणि केमो काही महिने चालते. म्हणजे नमुना आत्ता दिला, तर शस्त्रक्रियेपूर्वी उत्तर मिळेल. लग्नासाठी थांबलात, तर शस्त्रक्रिया अर्धवट माहितीवर होईल, आणि नंतर कदाचित दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागेल.

आता आत्याविषयी. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, जनुके बदलत नाहीत. आत्या आणि तुमचे वडील एकाच आईबापांची लेकरे आहेत, आणि तुमची निम्मी जनुके वडिलांकडूनच आलेली आहेत. वडील स्वतः धडधाकट असले, तरी हा दोष त्यांच्यामार्फत तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो. आपल्याकडे ‘आईला होता का?’ एवढेच विचारून हा विषय मिटवतात, याची मला नेहमी चीड येते. जनुकीय समुपदेशकांसमोर, म्हणजे चाचणीचा अर्थ समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञांसमोर, आत्याचे नाव सर्वांत आधी घ्या, तिच्या आजाराचे जुने कागद आतेभावंडांकडे असतील तर मागवून घ्या.

चाचणीचे उत्तर नेहमी हो किंवा नाही असे येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. कधी कधी असा बदल सापडतो, ज्याचा अर्थ अजून निश्चित झालेला नसतो. त्याच्या भरवशावर कोणताही अवयव काढायचा नसतो. दोष सापडलाच नाही, तरी घराण्यातील धोका पूर्ण टळला असे म्हणता येत नाही. म्हणून नमुना देण्यापूर्वी आणि अहवाल आल्यावर, दोन्ही वेळा जनुकीय समुपदेशकांशी बोला. तुमच्या रुग्णालयात ती सोय नसेल, तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

धाकट्या बहिणीच्या बाबतीत माझे मत वडिलांच्या अगदी उलट आहे. तुमच्यात दोष आढळला, तर तो तिच्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि नसण्याचीही निम्मीच. असला, तरी तो आजार नव्हे. ‘ब्राका १’ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो. हा आकडा मोठा आहे, मी तो लहान करून सांगणार नाही. पण अशा स्त्रियांसाठी दरवर्षीची एमआरआय तपासणी पंचविशीपासूनच सुरू करतात, आणि मुले झाल्यावर, पस्तिशी ते चाळिशीदरम्यान, अंडाशये काढण्याचा सल्ला देतात. बहीण आज २६ वर्षांची आहे. मूल कधी होऊ द्यायचे, हा निर्णय ती आणि तिचा नवरा लग्नानंतर लगेचच घेऊ लागतील, आणि नेमक्या त्याच निर्णयासाठी ही माहिती तिला हवी आहे. तुमचा अहवाल तुमच्या संमतीशिवाय डॉक्टर कोणालाही सांगणार नाहीत. आधी एकट्या बहिणीला सांगा. चाचणी करायची की नाही, आणि होणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचे, हे तिने ठरवावे. त्याला विश्वासात घ्यावे असे मला वाटते, पण तो शब्द दादाने किंवा तुम्ही तिच्या वतीने द्यायचा नाही. मांडवातल्या पाहुण्यांना तर काहीच कळण्याचे कारण नाही.

मुलीची चाचणी आत्ता करू नका. बालपणी या माहितीचा तिला उपचारासाठी काहीच उपयोग नसतो. सज्ञान झाल्यावर ती स्वतः विचारेल आणि स्वतः ठरवेल. आई आजारी आहे, उपचार चालू आहेत, एवढे तिला आज तिच्या भाषेत कळले तरी पुरे.

वडिलांशी बोलताना मात्र थोडे सांभाळून बोला. थांब म्हणण्यामागे लग्नाची भीती आहेच, पण आपल्याकडून लेकीला हे गेले की काय, ही भीतीही असू शकते, आणि ती त्यांच्या तोंडून कधीच निघणार नाही. दादाशी तेवढे सांभाळून बोलण्याची गरज नाही. तो हा प्रश्न धाकटीच्या लग्नाचा समजतो आहे, पण दोष त्याच्यातही असण्याची शक्यता तेवढीच निम्मी आहे; ‘ब्राका २’ मध्ये दोष असलेल्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि दादाच्या मुलाबाळांपर्यंतही हा दोष पोहोचू शकतो. समुपदेशकांची पुढच्या आठवड्याची वेळ घ्या आणि दादालाच सोबत घेऊन जा.